गप्पा मारायला आणि भांडायला: ब्रिटिश इंग्रजी की अमेरिकन?

भाचा पुढच्या महिन्यात नोकरीला लागतोय. इंग्रजी त्याला येतं. ईमेल नीट लिहितो, प्रेझेंटेशनही देतो. गाडी अडते ती कॉल सुरू व्हायच्या आधीच्या दोन मिनिटांत, समोरचा सहज काहीतरी बोलतो तेव्हा. आणि मग कॉलच्या मध्ये, समोरचा चुकतोय हे स्पष्ट दिसत असताना याच्या तोंडून फक्त 'येस, येस' निघतं तेव्हा. "मामा, वाक्प्रचार ब्रिटिश उचलू की अमेरिकन?" असं त्याने विचारलं. पुण्यात बसून मी सहा वर्षं लंडनच्या टीमबरोबर काम केलं आणि गेली चार वर्षं ओहायोच्या टीमबरोबर करतोय, तेव्हा दोन शब्द सांगायला हरकत नसावी. स्पेलिंगं, लिफ्ट-एलिव्हेटर वगैरे सोडून देतो. त्याने कुणाचं काही अडत नाही.

नुसत्या गप्पांचा प्रश्न असेल तर ब्रिटिश आपल्याला सोपी जाते, आणि ती क्रिकेटमुळे. 'ऑन द बॅक फुट', 'हिट फॉर सिक्स', 'ऑफ हिज ओन बॅट' हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. लंडनचा मॅनेजर पहिल्यांदा 'बाय क्लोज ऑफ प्ले' म्हणाला तेव्हा काम संध्याकाळपर्यंत हवंय हे मला लगेच कळलं. 'स्टिकी विकेट'चंही, म्हणजे अवघड परिस्थितीचंही, तसंच. खेळपट्टी झाकायची पद्धत नव्हती तेव्हा पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू वाटेल तसा उसळायचा, हे माझ्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेलं आणि आम्ही त्यांच्याकडून ऐकलेलं.

अमेरिकन गप्पांत बेसबॉल येतो. 'बॉलपार्क' (ढोबळ अंदाज) आणि 'टच बेस' (थोडं बोलून घेणं) हिंजवडीत सगळेच म्हणतात, पण त्यातल्या किती जणांनी बेसबॉलचा एक तरी सामना पाहिलाय? मी नाही पाहिलेला. 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक' हा शब्द तर मी वर्षभर चुकीचा समजत होतो. मला वाटायचं सोमवारी कामाला उशिरा येणारा माणूस. तो निघाला रविवारचा अमेरिकन फुटबॉलचा सामना संपल्यावर सोमवारी शहाणपण शिकवणारा. आपल्याकडे पारापारावर असे बसलेले असतात.

'टेबल'ची गोष्टही सांगायला हवी, कारण आपण तिथे हमखास फसतो. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवतात. तो ब्रिटिश अर्थ: विषय समोर आणणे. अमेरिकेत 'टेबल इट' म्हणजे बरोब्बर उलटं: बाजूला ठेवा, नंतर बघू. ओहायोच्या कॉलवर मी उत्साहाने "कॅन वी टेबल धिस टुडे?" म्हणालो, ते "शुअर" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मी बघतच राहिलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते, आणि दोघांनाही हवं होतं एकच, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. तेव्हा माझं फारसं काही गेलं नाही.

पण माझा कौल ठरला तो 'क्वाइट' या शब्दाने.

लंडनच्या टीमसाठी तीन आठवडे खपून एक रिपोर्ट केला होता. मॅनेजरने तो चाळला आणि म्हणाला, "इट्स क्वाइट गुड." मी खूश. संध्याकाळी घरी येताना अर्धा किलो बाकरवडी घेतली. दोन आठवड्यांनी कळलं, तोच रिपोर्ट नव्याने करायला दुसऱ्या कुणाला तरी दिलाय. लंडनच्या ऑफिसात डोंबिवलीचा एकजण होता, त्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अरे, ते तुला 'ठीक आहे रे' म्हणाले!" मग त्याने बारकावा सांगितला. 'गुड'वर जोर असेल तर बऱ्यापैकी खरं कौतुक. जोर 'क्वाइट'वर असेल तर समजायचं की पुढे न बोललेला 'पण' आहे. वर 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हटलं की तोच शब्द 'साफ अशक्य' होतो. एवढं सगळं एका शब्दात, तेही आवाज तुटणाऱ्या कॉलवर!

त्यानंतर मी त्यांचं प्रत्येक वाक्य संशयाने ऐकायला लागलो. 'इंटरेस्टिंग' म्हणजे बहुधा नापसंत. 'विथ रिस्पेक्ट' म्हणजे तुमचं चुकलंय. हे आपण खरोखर आदराने म्हणतो आणि समोरच्याला टोमणा ऐकू जातो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तू 'बघू' म्हणतोस ते काय असतं?" मुद्दा बिनतोड होता. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाने आडून बोलण्याबद्दल तक्रार करू नये. पण 'बघू'चा सूर मी आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलाय. 'क्वाइट'चा सूर चाळिशीत कुठून आणू? आणि ऐकून ओळखणं एक वेळ जमेल, भांडण ऐन रंगात असताना तो सूर स्वतःच्या तोंडून काढायचा म्हणजे अवघडच.

ब्रिटिशांच्या या सवयीने अमेरिकनही फसले आहेत, आणि ते ब्रिटिशांनाच महागात पडलंय. एप्रिल १९५१, कोरियाचं युद्ध, इमजिन नदीचा काठ. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची तुकडी चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती सांगितली ती 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी' एवढ्याच शब्दांत, असा किस्सा सांगतात. अमेरिकनाला वाटलं, जरा अडचण आहे, धरून ठेवतील. पाचशेहून जास्त सैनिक कैद झाले.

अमेरिकन भांडण त्या मानाने सरळ असतं. 'लेट मी पुश बॅक ऑन दॅट' म्हणजे मला हे पटलेलं नाही, आणि ते ऐकून कुणी दुखावत नाही. 'वॉक मी थ्रू इट' म्हणजे टप्प्याटप्प्याने समजावून सांग. हे म्हटलं की अर्ध्या वेळा समोरच्याला स्वतःची चूक स्वतःच सापडते. 'आय विल गिव्ह यू दॅट' म्हणजे एवढा मुद्दा तुझा, पण बाकीचा नाही. ही तीन वाक्यं आली की निम्मं भांडण निभावतं. सूर जरा इकडेतिकडे झाला तरी अर्थ पोचतो.

खोट त्यांच्यातही आहे. फाइल पाठवली तरी 'ऑसम', सर्व्हर वाचवला तरी 'ऑसम', त्यामुळे खरं कौतुक कुठलं ते कळत नाही. 'आय कुड केअर लेस' तर ऐकवत नाही. म्हणायचं असतं मला काडीची पर्वा नाही, आणि शब्दांचा अर्थ होतो अजून थोडी पर्वा शिल्लक आहे. ब्रिटिश इथे 'कुडन्ट' म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

भाच्याचा क्लायंट कुठला ते अजून ठरलेलं नाही. लंडनचा असेल तर त्यांचे शब्द कानावर असलेले बरे. बोलायला मात्र, माझ्यापुरतं विचाराल तर, अमेरिकन. परदेशी माणूस सरळ बोलला तर ब्रिटिशही फार मनावर घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला असाच येईल असं नाही म्हणत.

मागच्या महिन्यात ओहायोचा मॅनेजर माझ्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाला. अमेरिकेत त्याचा अर्थ 'खूपच छान' असा होतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी कॉल संपल्यावर तिथल्या एका सहकाऱ्याला विचारून घेतलं, आणि मगच बाकरवडी आणली.