सिस्टर आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात मुलांची चित्रपुस्तकं: काही महिन्यांच्या वापरानंतर

एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), स्टाफ नर्स आणि आशाताईंना मी बाळंतपणाच्या आधीची, नंतरची आणि नवजात बाळाची काळजी शिकवते. पावसाळ्यापासून या वर्गांत लहान मुलांची चित्रपुस्तकं वापरते आहे. बाळंतिणीशी आणि घरच्यांशी बोलायचं कसं, हे शिकवायला याहून उपयोगी साधन मला मिळालेलं नाही. हाताचं काम शिकवायला मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, ते बाहुलीवरच घोटून घ्यावं लागतं.

बरीचशी पुस्तकं मी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन संग्रहातून घेतली. २०१५ पासून हा संग्रह सगळ्यांना खुला आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत, आणि श्रेय दिलं की छापून वापरता येतात. बिनशब्दांची पुस्तकं सगळ्यात कामाची. मजकूर असला की सिस्टर तो वाचत सुटतात आणि चित्र तसंच राहतं.

अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयातली चित्रं बघण्यासाठी बसवलेले तीन प्रश्न मी घेतले: चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे.

एका पानावर आई झोपलेली, कुशीत बाळ, दारात मोठी मुलगी. पहिलं उत्तर लगेच आलं, "रुसलीय ती." कशावरून? कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतली एएनएम म्हणाली, "मॅडम, ती बाळाकडे बघतच नाहीये. आईच्या हाताला पट्टी आहे, तिकडे बघतेय. घाबरलीय." त्यानंतर प्रत्येकीला आपल्या वॉर्डाच्या दारातलं एखादं पोर आठवलं. त्याला "बाहेर थांब" म्हणायचं की आत घ्यायचं, आई बरी आहे हे त्याला कोणी सांगायचं, यावर जेवणाची सुट्टी होईपर्यंत बोलणं चाललं. आशाताई तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. बाळाचं वजन, ताप, अंगावर पाजणं बघतात, आणि ते मोठं भावंड तिथंच घुटमळत असतं. आता काही जणी आधी त्याचं नाव विचारतात, मग पिशवीतून काटा काढतात.

मूल दगावण्याचा विषय यापेक्षा अवघड. "पुढच्या वेळी होईल गं" हे वाक्य आपल्याकडे सवयीनं तोंडात येतं. प्राण्यांच्या गोष्टींतून मृत्यूबद्दल सरळ बोलणारी पुस्तकं इथे फार मदत करतात, कारण त्यांत कोणी घाईघाईनं समजूत घालत नाही, नुसतं सोबत बसलेलं असतं. पण ही पुस्तकं उघडण्याआधी मी विषय सांगते आणि ज्यांना बाहेर जायचंय त्यांना जाऊ देते. वर्गातल्या कितीतरी जणींचं स्वतःचं मूल गेलेलं असतं. असा वर्ग दिवसाच्या शेवटी ठेवू नका, कोणी रडत एकटी एसटीत बसायला नको.

तक्रारीही आहेत. नव्या बाळाच्या अनेक पुस्तकांत दुधाची बाटली सर्रास दिसते. सहा महिने निव्वळ आईचं दूध असं सांगणाऱ्या वर्गात ती पानं चालत नाहीत, मी ती पुस्तकंच गाळली. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि मागच्यांना चित्राऐवजी उजेडच दिसतो. प्रोजेक्टरवर तर सगळ्या पडद्याकडे तोंड करून बसतात, एकमेकींशी बोलत नाहीत. ए-थ्री कागदावर रंगीत छपाई आणि गोल करून बसणं, हे जमलं.

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, ठेवलेल्या बाळाच्या भावंडासाठी मराठी चित्रपुस्तक मी अजून शोधतेच आहे. तोवर तिथल्या सिस्टरांकडून पानं काढून घेते. माणसं वेडीवाकडी येतात, पण नळी कुठून जाते आणि आईनं छातीशी धरलेल्या बाळाची टोपी कुठवर ओढायची, ते त्या अचूक काढतात.