शेअर्ड स्पेक्ट्रममधली सुरक्षा: एम.टेक.साठी कृत्रिम गोंगाट, चॅनेलची किल्ली की रेडिओचा ठसा?

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत डिसर्टेशनचा विषय ठरवायची वेळ आली की ‘शेअर्ड स्पेक्ट्रममधली फिजिकल लेअर सिक्युरिटी’ कुणाच्या ना कुणाच्या सिनॉप्सिसवर येतेच. म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी-पट्टा अनेकांनी वाटून वापरताना रेडिओ लहरींच्याच गुणांवर उभी केलेली सुरक्षा. नाव एक, पण त्याखाली तीन अगदी वेगळी कामं दडलेली असतात. निवड करताना गणित किती आणि पेपर किती, एवढंच बघितलं जातं. मी आधी वेगळंच विचारेन: तुमची युक्ती हवेत स्वतःहून किती ऊर्जा सोडते? पट्टा सामायिक असताना तुमचं संरक्षण हाच शेजाऱ्याचा त्रास ठरू शकतो.

पहिला पर्याय कृत्रिम गोंगाटाचा. याचा पाया म्हणजे आरन वाइनर यांचं १९७५ मधलं वायरटॅप चॅनेल. चोरून ऐकणाऱ्याचा चॅनेल, म्हणजे सिग्नलची हवेतली वाट, तुमच्या रिसीव्हरच्या चॅनेलपेक्षा वाईट असेल, तर गुप्त कोडाच्या किल्लीशिवायही गुपित पाठवता येतं. समजा, सिग्नल-नॉइज गुणोत्तर (सिग्नल गोंगाटाच्या किती पट) तुमच्याकडे १५ आणि चोराकडे ३ आहे. मग क्षमता (गुणोत्तरात १ मिळवून २ पायाचा लॉग) ४ आणि २ बिट प्रति सेकंद प्रति हर्ट्झ. फरक २, तेवढंच गुपित. हा फरक वाढवायला गोएल आणि नेगी यांनी २००८ मध्ये सुचवलं, की जास्तीच्या अँटेनांमधून असा गोंगाट सोडायचा जो आपल्या रिसीव्हरपाशी शून्य होतो आणि बाकी सगळीकडे पसरतो.

गोम त्या ‘बाकी सगळीकडे’मध्ये आहे. त्यात पट्ट्याचा मूळ हक्कदारही आला. त्याच्यापाशीही गोंगाट शून्य करायचा तर दोन अँटेना पुरत नाहीत, किमान तीन लागतात. लॅबमधल्या यूएसआरपी बी२१० या सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओ बोर्डला एका वेळी दोनच अँटेनांमधून पाठवता येतं. म्हणजे दोन बोर्ड घ्या, त्यांना एकच क्लॉक द्या आणि मग फेज (लहरींच्या चढउताराची वेळ) जुळवत बसा. बरं, हक्कदार काही पाठवतच नसेल तर तो कुठे आहे हे कळणार कसं? याचं ठळक उदाहरण नारायणगावजवळ खोडदला आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, आणि सगळ्या फक्त ऐकतात. ‘आधी पट्टा ऐका, मोकळा असला तर वापरा’ या कॉग्निटिव्ह रेडिओच्या रीतीला असा श्रोता दिसतच नाही. चोरही दिसत नाही, आणि त्याच्याकडे पुरेशा अँटेना असतील तर तो गोंगाट वेगळा काढूही शकतो. मॅटलॅबच्या सिम्युलेशनमध्ये मात्र हा विषय फार देखणा दिसतो. ‘चोराचा चॅनेल माहीत आहे’ असं एका ओळीत गृहीत धरलं की आलेख आपोआप वर चढतात!

दुसरा पर्याय, चॅनेलमधूनच किल्ली काढायची. एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणाऱ्या दोघांना मधला चॅनेल जवळजवळ सारखा दिसतो. त्याच्या चढउतारांतून दोघं आपापल्या बाजूला तेच गुप्त बिट काढतात. भरपूर परावर्तनं असलेल्या खोलीत अर्ध्या तरंगलांबीपलीकडे बसलेल्याला तो वेगळा दिसतो, २.४ गिगाहर्ट्झला हे अंतर सुमारे ६ सेंटिमीटर. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारे दोन ईएसपी३२ (वाय-फाय असलेले मायक्रोकंट्रोलर) बोर्ड पुरतात, कारण ते वाय-फाय पॅकेटमागे चॅनेलची माहिती देतात. वेगळा गोंगाट सोडावा लागत नाही, नेहमीची पॅकेटं तेवढी जातात. अडचण यादृच्छिकतेची, म्हणजे बिट अंदाज न येण्याजोगे असण्याची. माणूस चालत असेल तर चॅनेल साधारण ४० मिलिसेकंदांत बदलतो, आणि दोन्ही बाजूंची मोजणी त्याच्या आत उरकावी लागते. रात्री रिकाम्या लॅबमध्ये तो बदलतच नाही, तेच तेच बिट येत राहतात. शिवाय दोघांचे बिट जुळवताना काही माहिती उघडपणे बोलली जाते. ती वजा न करता किल्लीचा वेग सांगणं ही नेहमीची पळवाट. परीक्षकाने नेमकं तेच विचारलं तर पंचाईत.

तिसरा पर्याय रेडिओच्या ठशाचा. यात तुम्ही काहीच पाठवत नाही, नुसतं ऐकता. मूळ हक्कदाराचं सोंग घेऊन कुणी पट्टा अडवत असेल तर ट्रान्समीटरच्या हार्डवेअरच्या खोडींवरून त्याला ओळखायचं: फ्रिक्वेन्सीची चूक, आय-क्यू असंतुलन (सिग्नलच्या दोन घटकांतला असमतोल), अ‍ॅम्प्लिफायरचा वाकडेपणा. स्वस्तातला आरटीएल-एसडीआर हा यूएसबी रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचत नाही, पण ८६५ मेगाहर्ट्झवरचे लोरा (दूरवर थोडा डेटा पाठवायची पद्धत) सेन्सर त्याला छान ऐकू येतात. तिथे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलची २० पीपीएमची (दशलक्षांमागे २०) चूक म्हणजे १७ किलोहर्ट्झचं सरकणं. ठसा म्हणून ठळक. पण क्रिस्टल तापमानाबरोबरही सरकतो. डिसेंबरच्या सकाळी शिकवलेलं मॉडेल एप्रिलच्या दुपारी अडखळतं. एकाच दिवसाचा डेटा दोन भागांत तोडून दाखवलेल्या अचूकतेवर मी विश्वास ठेवत नाही.

हातात दोन सेमिस्टर आणि बेताचं बजेट असेल तर दुसरा घ्या. मशीन लर्निंगमध्ये हात बसलेला असेल, आणि ऋतू पालटेपर्यंत डेटा गोळा करायचा धीर असेल तर तिसरा. एकाच क्लॉकवरचे बोर्ड गाइडकडे आधीपासून असतील किंवा निव्वळ सिद्धांतात रस असेल तरच पहिला; तेव्हाही हक्कदाराचा रिसीव्हर समीकरणात घालाच. परवान्याच्या पट्ट्यात परवाना नसताना अँटेना लावून प्रयोग करता येत नाही, तिथे केबल आणि सिग्नल क्षीण करणारे अ‍ॅटेन्युएटर वापरावे लागतात. दुसऱ्या पर्यायाला केबल चालणार नाही, कारण तिच्यात चॅनेल हलतच नाही. पण त्याला २.४ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टाच पुरतो.