फिनिक्स परिसरातील निवृत्त जीवन: अठरा महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघे मिशिगनमधील घर विकून अ‍ॅरिझोनातील फिनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या चँडलर शहरात राहायला आलो. मी ६६ वर्षांची आहे आणि माझे पती ७१ वर्षांचे. त्यांचे दोन्ही गुडघे संधिवाताने दुखतात, आणि मिशिगनमधील शेवटच्या हिवाळ्यात दारासमोरच्या बर्फावरून ते घसरून पडले, तेव्हा स्थलांतराचा निर्णय पक्का झाला. माझे माहेर जळगावचे असल्याने वाळवंटातील उन्हाची मला फारशी धास्ती नव्हती. दोन हिवाळे आणि एक पूर्ण उन्हाळा इथे काढल्यावर मी हा अनुभव लिहीत आहे, कारण निवृत्तीसाठी या शहराचा विचार करणारी अनेक मराठी कुटुंबे आम्हाला प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांना फोनवर धावते उत्तर देणे मला बरे वाटत नाही.

जळगावचा मे महिना ४५ अंशांवर जातो, हे खरे. परंतु तिथे लहानपणी आम्ही रात्री गच्चीवर अंथरुणे टाकून झोपत असू, पहाटे अंगावर चादर ओढावी लागे, आणि जूनमध्ये पहिला पाऊस आला की उन्हाळा संपत असे. फिनिक्समध्ये या दोन्ही सुटका नाहीत. २०२४ मध्ये मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग ११३ दिवस कमाल तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले. सप्टेंबर संपत आला तरी एके दिवशी पारा ११७ फॅरनहाइटवर, म्हणजे ४७ सेल्सिअसवर गेला. दिवसापेक्षाही मला रात्री कठीण वाटल्या. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहते आणि जुलैतील कित्येक रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरतच नाही. इथेही मान्सून म्हणतात असा एक ऋतू जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो, पण त्यात धुळीची वादळे अधिक आणि पाऊस थोडा. वर्षभराचा सरासरी पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर आहे. २०२४ च्या ऑगस्टनंतर तर पाच महिन्यांहून अधिक काळ मोजण्याजोगा पाऊस पडलाच नाही.

ही उष्णता जीवघेणी आहे आणि ‘कोरडी हवा आहे, जाणवत नाही’ या दिलाशावर कोणीही विसंबू नये. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तिथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी किती कमी झाले हे कळत नाही. माझा पहिल्याच जूनमध्ये दोनदा घोळणा फुटला. ज्या एका गोष्टीचा आम्ही येण्यापूर्वी विचारच केला नव्हता, ती म्हणजे तापलेली जमीन. भर उन्हातील डांबर ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्यावर पडलेल्या माणसाला काही क्षणांत गंभीर भाजू शकते. बर्फावर पडण्याच्या भीतीने आम्ही मिशिगन सोडले. इथे जुलैच्या दुपारी गाडीतून उतरताना माझे पती काठी घेतात आणि मी त्यांचा हात धरते, त्यामागची भीती त्याच जातीची आहे.

साहजिकच सारे जीवन वातानुकूलन यंत्रावर अवलंबून राहते. जुलैतील एका शनिवारी आमचे यंत्र बंद पडले. तंत्रज्ञ सोमवारी दुपारी आला, आणि तोपर्यंत घरातील तापमान ३६ अंशांवर गेल्याने आम्हाला दोन रात्री हॉटेलात काढाव्या लागल्या. बाहेरच्या युनिटमधील एक साधा कपॅसिटर गेला होता. आता आम्ही एप्रिलमध्येच तपासणी करून घेतो आणि झोपण्याच्या खोलीत लहानसे वेगळे यंत्र ठेवले आहे. घर पाहताना स्वयंपाकघराच्या ओट्याआधी छतावरचे इन्सुलेशन, पश्चिमेकडील खिडक्या आणि यंत्राचे वय पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने माझ्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचे हिवाळे ठरले. मिशिगनमध्ये जानेवारीत माझे पती पत्रपेटीपर्यंत जात नसत. इथे ते रोज सकाळी दीड तास चालतात, त्यांची वेदनाशामक गोळी निम्म्यावर आली आहे आणि चेहऱ्यावरचा तो सततचा त्रासलेपणा गेला आहे. मार्चमध्ये संत्र्यालिंबांचा मोहर गल्लीभर दरवळतो, एप्रिलमध्ये पालो व्हर्दे नावाची हिरव्या सालीची झाडे पिवळ्या फुलांनी भरून जातात, आणि डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये सग्वारो निवडुंगांच्या सावलीत बसले की ओसाडपणाची कल्पनाच बदलते. यंदा एप्रिलच्या अखेरीस मी मागच्या अंगणात कुरडया घातल्या. एका दिवसात खडखडीत वाळल्या. पापड मात्र थेट उन्हात तडकतात, ते सावलीतच वाळवावे लागतात. चँडलरमध्ये माहितीतंत्रज्ञान आणि चिप उद्योगामुळे भारतीय वस्ती मोठी आहे, त्यामुळे वाणसामान आणि मराठी सोबत दोन्ही जवळ आहेत.

पैशाचा हिशेब एकंदरीत अनुकूल आहे. अ‍ॅरिझोनात सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या, रकमेवर राज्याचा कर नाही, राज्याचा प्राप्तिकर २०२३ पासून सरसकट २.५ टक्के आहे आणि वारसाकर नाही. उन्हाळ्यातील विजेचे बिल या बचतीचा काही भाग खाते.

प्रकृतीच्या बाबतीत ‘व्हॅली फीव्हर’ची माहिती आधी करून घ्यावी. इथल्या मातीतील एका बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर श्वासात गेल्याने हा आजार होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही आणि बहुतेकांना त्रासही देत नाही, परंतु मधुमेही आणि वयस्कर लोकांमध्ये तो गंभीर होऊ शकतो. आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे अधिक काळजीपूर्वक लिहीत आहे. माझ्या पतींचा खोकला पाच आठवडे टिकला तेव्हा आधी साध्या न्यूमोनियाचे औषध दिले गेले. मी आग्रह धरल्यावर रक्ततपासणी झाली आणि हाच आजार निघाला. सुदैवाने ते पूर्ण बरे झाले.

आम्ही ५५ वर्षांवरील रहिवाशांच्या वसाहतीही पाहिल्या. या कल्पनेला देशभर नाव मिळवून देणारी सन सिटी १९६० मध्ये इथेच सुरू झाली. तिथली स्वच्छता, तरणतलाव आणि छंदवर्ग उत्तम आहेत, पण नातवंडांनी वर्षातून किती दिवस राहावे यालाही अशा वसाहतींत मर्यादा असते. ते आमच्या मनाला पटले नाही.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून इकडे येते, आणि त्या नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या गृहप्रकल्पांना मंजुरी थांबवली. चँडलरसारख्या जुन्या शहरांकडे पाण्याचे अनेक स्रोत आहेत. दूरच्या स्वस्त वसाहतीत घर घेणाऱ्यांनी मात्र शंभर वर्षांच्या खात्रीशीर पाणीपुरवठ्याचे कागद स्वतः वाचावेत.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र गाडीची आहे. इथे सर्व काही दूर आहे, लाइट रेल, म्हणजे शहरातील हलकी रेल्वे, चँडलरपर्यंत येत नाही, आणि ४४ अंशांत बसथांब्यावर उभे राहणे सत्तरीच्या माणसाला शक्य नाही. माझ्या पतींनी रात्री गाडी चालवणे मार्चमध्ये सोडले. ज्यांना अजून दहा वर्षे निर्धास्त गाडी चालवता येईल आणि उन्हाळ्याचे दोन-तीन महिने अन्यत्र काढता येतील, त्यांच्यासाठी मी हे शहर मनापासून सुचवेन. ज्यांना एकट्याने, गाडीशिवाय राहावे लागेल त्यांना सुचवणार नाही. घर विकत घेण्यापूर्वी जुलैत महिनाभर भाड्याने राहून पाहावे. आम्ही यंदा २० जूनला निघून सप्टेंबरअखेरपर्यंत पुण्यात बहिणीकडे राहणार आहोत. घराची किल्ली शेजारणीकडे राहील, वातानुकूलन बंद न करता ८५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २९ सेल्सिअसवर ठेवू, आणि दर आठवड्याला ती आत जाऊन ते चालू आहे ना, हे पाहील.