मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरचा विद्यार्थी मायक्रोस्कोप: पेशीविभाजन कितपत दिसतं?

एफवायच्या प्रॅक्टिकलला पुरेसा आहे. १० एक्स आयपीस (डोळ्याकडचं भिंग), ४० एक्स ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग), म्हणजे ४०० पट. एवढ्यात कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं मेटाफेजला (विभाजनाच्या मधल्या टप्प्यात) मधोमध रांगेत आलेली छान दिसतात. १६ च्या १६ मोजायला मात्र ऑइल लेन्सच (तेलाचा थेंब टाकून वापरायची जास्त ताकदीची लेन्स) हवी.

सोबतचं ॲसिटोकार्माइन (गुणसूत्रं रंगवणारं लाल द्रावण) उत्तम रंगवतं, पण मुळाचं टोक २-३ मिमीच घ्या. त्यावरच्या पेशी नुसत्या लांबतात, विभागत नाहीत. टोक आधी १ एन (नॉर्मल) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते १० मिनिटं ठेवा, नाहीतर पेशी सुट्या न होता लाल गठ्ठाच दिसतो. कव्हरस्लिप सरळ दाबा, सरकवू नका.

स्टेजच्या क्लिपा ढिल्या, हे खटकलंच. डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेलही नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तेव्हा ते जेल लगेच घेऊन टाका.