नेक रिसेटचे पैसे घेतले, नेकला हातही लावला नाही

पावसाळ्यात कोणी तुमची अकूस्टिक गिटार हातात घेऊन, एक डोळा मिटून नेककडे (गिटारच्या लांब दांड्याकडे) बघून, 'नेक रिसेट करावा लागेल', म्हणजे तो काढून योग्य कोनात परत बसवावा लागेल, असं सांगितलं, तर गिटार तिथे ठेवू नका. आधी नेकवर लांब सरळ पट्टी लावून दाखवायला सांगा. माझ्याकडून या आणि इतर कामांचे साडेचौदा हजार रुपये घेतले, आणि नेक जागचा हललेलाही नव्हता. वर आतला कंपनीचा पिकअप (तारांचा आवाज अँप्लिफायरला पोचवणारा भाग) काढून घेतला आणि दुसराच बसवून दिला. हे सगळं लिहितोय कारण हाच प्रकार आणखी काही जणांबरोबर झाल्याचं मला नंतर कळलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. दुकान उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आहे एवढं सांगतो.

मी फोंड्यात राहतो, शाळेत शिकवतो आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतो. गिटार २०११ मध्ये मुंबईहून घेतलेली, टॉप, म्हणजे पुढची फळी, अखंड स्प्रूसच्या लाकडाची. असं लाकूड प्लायवुडच्या टॉपपेक्षा मोकळं वाजतं, पण हवेतली ओलही तितक्याच लवकर पितं. कंपन्या अशा वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातसुद्धा ती ८० च्या वर असते. टॉप फुगतो, त्याच्याबरोबर त्यावर चिकटवलेला, तारा अडकवायचा ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या, बोटं दाबायच्या फळीपासून) लांब जातात. शिवाय बारा गेज जाडीच्या सहा तारा मिळून ७० किलोपेक्षा जास्त ओढ लावतात. गोंद जुना झालेला असला की ब्रिजची मागची कड सुटू लागते. माझ्या ब्रिजखाली जुलैत कागद सरकायला लागला. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तार चार मिलिमीटर वर होती, ती अडीचच्या आसपास असावी लागते. एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड धरणं मुश्कील झालं होतं आणि चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) कार्यक्रम ठरलेले होते.

गोव्यात गिटार घराघरात आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, ती परंपरा तियात्रातल्या (गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकातल्या) वादकांपर्यंत आली. पणजीतल्या कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, आणि किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटांत हंगामात रोज संध्याकाळी कोणी ना कोणी वाजवत असतं. तारा बदलून देणारी दुकानं म्हापसा, पणजी, मडगाव सगळीकडे आहेत. पण ब्रिज उतरवून परत बसवणं हे लाकडाचं, गोंदाचं आणि मापाचं काम आहे, आणि ते येणारी माणसं फार थोडी. वादकाला घाई असते आणि त्याच्यापुढे पर्याय नसतात. त्या दुकानदाराचा धंदा याच जोरावर चालला आहे.

दुकानाची शिफारस एका ओळखीच्या कीबोर्डवाल्याने केली होती. मी आधी ब्रिजचे आणि साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) आतले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, मग गिटार घेऊन गेलो. माणूस बोलायला फार गोड. चहा मागवला, परदेशात काम शिकल्याचं सांगितलं, भिंतीवर टांगलेल्या महागड्या गिटारी दाखवल्या. माझी गिटार उचलून हेडकडून खाली एक नजर टाकली आणि निदान करून मोकळा झाला. नेक पुढे झुकला आहे, रिसेट करावा लागेल, नाहीतर वर्षभरात वाद्य संपलं. रिसेटचे नऊ हजार, हाडाचा नट आणि सॅडल (तारा हेडकडे आणि ब्रिजवर ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्या) अडीच हजार, ब्रिज चिकटवायचे दोन हजार, सेटअपचा (तारांची उंची आणि सूर जुळवण्याचा) एक हजार. अर्धे पैसे आगाऊ. हा हिशेब त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवला, पैसे मी यूपीआयने दिले. पुढे उपयोगी पडल्या त्या याच दोन गोष्टी.

मग सुरू झालं 'फाल्यां' (उद्या). फोन केला की गोंद सुकतोय, परत केला की हाड मुंबईहून यायचं आहे, प्रत्यक्ष गेलो की 'मागीर सांगतां' (नंतर सांगतो). चवथ गेली, मी कार्यक्रमांना मित्राची गिटार मागून नेली. दसऱ्याच्या सुमारास गिटार मिळाली. पुसून लखलखीत केलेली, नव्या तारा, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, एकदम खाली. दुकानात दोन कॉर्ड वाजवले तर हाताला हलकी लागली. उरलेले पैसे घेतल्यावर त्याने 'नेक रिसेट डन, बोन नट सॅडल डन' असा संदेश पाठवला. बिल मागितलं तेव्हा पुस्तक संपलंय म्हणाला.

घरी शांतपणे वाजवली तेव्हा आवाज गेल्याचं कळलं. पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर होती, ज्याला आपण बझ म्हणतो. दुसरी तार मोकळी सुरात, पण बाराव्या फ्रेटवर स्पष्ट चढी. ट्यूनर लावून पाहिलं: त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक एक स्वर दाखवत होता आणि दाबून काढलेला दुसरा. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत, सेटअप झाला की नाही याची ती पहिली खूण. एकूण आवाजातली भरीव गाज कुठेच नव्हती. अँप्लिफायरला जोडली तर पातळ, किरकिरा आवाज, आणि खालच्या दोन तारा बाकीच्यांच्या निम्म्यानेही ऐकू येत नव्हत्या. फोनवर तो म्हणाला, नवं काम आहे, महिनाभरात बसेल.

एका सहकाऱ्याने मला दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एका वयस्कर कारागिराचा पत्ता दिला. त्यांचं सगळं आयुष्य व्हायोलिन आणि गिटार दुरुस्त करण्यात गेलं. सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी गिटार टेबलावर ठेवली आणि मला समोर बसवून एकेक गोष्ट दाखवली. ती तपासणी मी इथे पूर्ण लिहितो, कारण यातलं बरंचसं कोणालाही घरी करता येतं.

आधी त्यांनी पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या, सहाव्या-सातव्या फ्रेटवरची फट पाहिली. तिथे व्हिजिटिंग कार्डापेक्षाही पातळ अशी फट हवी. माझ्या गिटारला ती नव्हतीच, तार फ्रेटला चिकटलेली. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) नको तितका आवळून नेक मागे वाकवला होता, म्हणून पहिल्या फ्रेटांवर बझ. ट्रस रॉडने नेकचा बाक बदलतो. नेक शरीराला ज्या कोनात बसलेला असतो तो कोन त्याने बदलत नाही. अंकल म्हणाले, बिनमाहितीचा कारागीर सगळ्या दुखण्यांवर हाच एक स्क्रू पिळतो.

मग सॅडल. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. याने ते इतकं घासलं होतं की ब्रिजच्या वर जेमतेम एक रेघ उरली होती. तारेला सॅडलवरून खाली वळायला कोनच उरला नव्हता, मग टॉपवर दाब कुठून येणार? गाज गेली ती इथे. मूळ सॅडलला दुसऱ्या तारेपुरती मागे सरकवलेली धार होती, ती स्वर जुळावा म्हणूनच असते. हे सॅडल सरळसोट होतं. अंकलनी चाकूच्या टोकाने खालची बाजू खरवडली. हाडाची बारीक पूड पडते. इथे सालीसारखी गुंडाळी निघाली. प्लास्टिक. नटही तसलाच.

नेकचा प्रकार ऐकून मात्र मला घाम फुटला. माझ्या गिटारचा नेक डव्हटेल या एकात एक अडकणाऱ्या सांध्यात गोंदाने बसवलेला आहे आणि चौदाव्या फ्रेटला शरीराशी जुळतो. असा नेक काढायचा तर सहसा पंधरावा फ्रेट उपटतात, त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडतात, सांध्यात वाफ सोडतात आणि गोंद मऊ झाला की नेक सोडवतात. टॉपवर चिकटलेला फ्रेटबोर्डचा शेवटचा भागही गरम करून सुटा करावा लागतो. म्हणजे कितीही सफाईने केलं तरी पंधराव्या फ्रेटपाशी आणि नेकच्या टाचेभोवतीच्या (शरीराला जुळतो त्या टोकाभोवतीच्या) पॉलिशवर खूण राहते. अंकलनी भिंग माझ्या हातात दिलं. पंधराव्या फ्रेटच्या कडेला चौदाव्या आणि सोळाव्यासारखाच वर्षानुवर्षांचा मळ होता, टाचेभोवती कारखान्यातली पॉलिशची रेघ अखंड होती. नऊ हजार रुपयांचं काम झालंच नव्हतं.

आणि त्याची गरजही नव्हती. अंकलनी लांब सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत नेली. तिचं टोक ब्रिजच्या वरच्या पातळीला नीट टेकलं. टेकलं म्हणजे कोन बरोबर. फार खाली आदळलं असतं तर रिसेटचा विचार. भर पावसाळ्यात फुगलेल्या टॉपवर तर ही पट्टीसुद्धा फसवू शकते, म्हणून ते वाद्य आधी काही आठवडे कोरड्या खोलीत, केसमध्ये सिलिका जेल ठेवून सुकवतात आणि मग मोजतात. माझा आजार एवढाच होता: टॉप फुगलेला आणि ब्रिज सुटलेला.

तो ब्रिजही नीट चिकटवला नव्हता. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि दिवा साउंडहोलमधून आत घालून त्यांनी दाखवलं: ब्रिजमधून आरपार दोन स्क्रू, ब्रिजखाली आतून असलेल्या मॅपलच्या पट्टीला चीर गेलेली, आणि कडेने सुपरग्लूचे पांढरट ओघळ. वरून स्क्रूची डोकी शिंपल्याच्या दोन टिकल्यांनी झाकलेली. काही कंपन्या कारखान्यातच असे बोल्ट घालून टिकल्या लावतात, त्यामुळे नुसत्या टिकल्यांवरून कोणावर आळ घेता येत नाही. पण मी दुकानाला पाठवलेल्या फोटोंत ब्रिजवर एकही टिकली नाही. त्याच फोटोंत आतल्या पिकअपची वायर आणि तिच्यावरचं कंपनीचं लेबल दिसतं. आत आता होती ती पिकअपची बिननावाची, स्वस्त पट्टी, सॅडलच्या खाचेत सपाट न बसलेली, म्हणून खालच्या तारा ऐकू येत नव्हत्या.

खराब कामाचा राग येतो, पण एखाद्याला काम जमलं नाही असं म्हणून तो गिळता तरी येतो. पिकअपचं तसं नाही. विश्वासाने ठेवलेल्या वस्तूतला भाग काढून घेणं ही चोरीच आहे, आणि रिसेट झाल्याचं लेखी कळवणं हे ठरवून बोललेलं खोटं. जाब विचारायला गेलो तेव्हा आधी हसला, मग गिटार गाडीत उन्हात ठेवली असणार म्हणाला, मग पिकअप असलाच होता म्हणाला. फोटो दाखवले तेव्हा आवाज चढवला आणि दुकानाबाहेर जायला सांगितलं.

तिथून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आणि उत्तर न आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी आणि बिल न देणं या दोन्हींविरुद्ध दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. पिकअपसाठी पोलिसांत वेगळा अर्ज दिला आहे. तारखा लांबच्या मिळतात हे खरं, पण व्हॉट्सअ‍ॅपचा हिशेब, 'डन'चा संदेश, यूपीआयची नोंद, आधीचे फोटो आणि अंकलनी सही करून दिलेली तपासणीची नोंद एवढं सगळं कागदावर आहे.

याच काळात म्हापशाचा एक तरुण वादक भेटला. त्यालाही त्याच दुकानात रिसेट सांगितला होता आणि डव्हटेलच्या कामाचेच पैसे घेतले होते. त्याच्या गिटारचा नेक बोल्टने बसवलेला आहे! तिथे वाफ नाही, गोंद सोडवणं नाही. बोल्ट सोडून पातळ पट्ट्या बदलल्या की कोन बदलतो. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. रोज संध्याकाळी वाजवून घर चालवणाऱ्या मुलाची ही कमाई होती.

अंकलनी माझ्या गिटारचा ब्रिज गरम पात्याने हळूहळू उतरवला. सुपरग्लू स्प्रूसच्या तंतूंत मुरलेला, त्यामुळे टॉपचे थोडे कपचे त्याच्याबरोबर आलेच. त्यांनी स्क्रूची भोकं लाकडाने बुजवली, आतली पट्टी बदलली, ब्रिज सुतारी गोंदाने क्लँप लावून बसवला, खरं हाड घासून सॅडल आणि नट केला. साडेसहा हजार घेतले, बिलासकट. काढलेले स्क्रू, प्लास्टिकचे तुकडे आणि ती बिननावाची पट्टी न मागता पिशवीत घालून दिली. गिटार परत बोलायला लागली आहे, फक्त पिकअपची जागा अजून रिकामी आहे.

म्हणून गिटार दुरुस्तीला देताना बाराव्या फ्रेटवरची उंची आणि मधली फट कारागिरासमोरच मोजून त्याच्याकडूनच लिहून घ्या, काम झाल्यावर तीच मापं परत मागा. ब्रिज, साउंडहोलचं आतलं, पिकअप, मशीनहेड (तारा आवळायच्या खुंट्या) यांचे फोटो काढून त्यालाच पाठवा, म्हणजे तारखेसकट राहतात. काढलेला प्रत्येक भाग परत मागा. चांगला कारागीर या मागण्यांना कधी चिडत नाही, अंकल तर त्या स्वतःच पूर्ण करतात.

आणि गेल्या दोन वर्षांत ज्यांनी बार्देशातल्या कुठल्याही दुकानात रिसेटचे पैसे मोजले आहेत, त्यांनी आपल्या गिटारचा पंधरावा फ्रेट आणि नेकची टाच भिंगाखाली बघावी, आरसा घालून ब्रिजखाली आणि पिकअपवर नजर टाकावी. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांचीच आहे. माझ्याकडचे फोटो आणि तक्रारीचा मसुदा कोणाला हवा असेल तर मी देईन.