आयकॉम आयसी-७३०० : न बघता चालवताना

अंध हॅमने (म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याने) हा रेडिओ सेट घ्यावा का? घ्यावा. फक्त पहिल्या दिवशी तासभर एक डोळस माणूस सोबत बसवा, कारण हा रेडिओ फ्रिक्वेन्सी बोलतो, पण त्याचा मेनू मुका आहे.

बोलण्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. (केनवुडच्या टीएस-५९० ला आकड्यांची खरीखुरी बटणं आहेत, पण तिथे बोलण्यासाठी व्हीजीएस-१ युनिट वेगळं बसवावं लागतं.) स्पीच बटण दाबलं की सिग्नलची ताकद, फ्रिक्वेन्सी आणि मोड (आवाज पाठवायची पद्धत) इंग्रजीत ऐकू येतात. तेच बटण दाबून धरलं तर डायल लॉक होते. डायल फिरवूनही आकडा तोच येत असेल तर आधी हे तपासा. स्पीच, ट्यूनर (अँटेना जुळवणारा) आणि एनबी (नॉइज ब्लँकर, टक्-टक् दाबणारा) या बटणांवर एम-सीलचा बारीक ठिपका द्या.

खरा त्रास ४.३ इंची टच पडद्याचा. किलोहर्ट्झच्या आकड्यांना चुकून बोट लागलं की डायल १-१ किलोहर्ट्झच्या उड्या मारते आणि स्टेशन हाती लागत नाही. डायल जराशी फिरवून स्पीच दाबा. आकडा अख्ख्या किलोहर्ट्झने सरकला तर हेच झालंय. आकड्यांना पुन्हा बोट लावून उड्या बंद करा, मग वहीचा पुठ्ठा कापून पडद्यावर चिकटवा, प्रश्न मिटतो.

४० मीटर बँडवर एलएसबी मोडमध्ये आवाज चिरका आला तर डायल खाली आणा, घोगरा आला तर वर न्या. अँटेना जुळवायला ट्यूनर सेकंदभर दाबून धरा. आतल्या रिलेंची (विजेवर चालणाऱ्या स्विचांची) खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली तर ठीक. लांबत गेली तर अँटेना बघा. आतला ट्यूनर ३:१ एसडब्ल्यूआरपर्यंतच (अँटेना किती बेमेळ आहे याचं माप) सांभाळतो. पावसाळ्यात बहुतेकदा डायपोलच्या (दोन बाजूंना तार असलेल्या अँटेनाच्या) मधल्या जोडात पाणी शिरलेलं असतं.

भारनियमनात सेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर थेट जोडा, जाड वायरने. १०० वॉटला २१ ॲम्पिअरपर्यंत ओढतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज ११.७ च्या खाली जातं आणि बोलताना आवाज फाटतो.

गावात सगळ्यात जास्त छळते ती झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र. रोही-रानडुकरांसाठी धुऱ्यावर ओढलेल्या तारेला ओलं गवत टेकलं की ठिणगी पडते, आणि सेकंदाला एक अशी टक्-टक् बँडभर ऐकू येते. एनबी लावा, बरीच दबते. एनआर (नॉइज रिडक्शन) इथे कामाचा नाही, तो सततच्या खरखरीसाठी. जवळचं जोरदार स्टेशन चालू असेल तर एनबीनेच आवाज बिघडतो, तेव्हा बंद ठेवा. आणि शेजाऱ्याला तारेखालचं गवत काढायला सांगा. त्याचा झटकाही वाया जातोय.