आधी माप, मग बॅटरी : दर्यापूरकडील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानाविषयी

दर्यापूरहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत टिनाच्या शेडमध्ये चालणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. परिसरातले ट्रॅक्टरवाले त्याला ‘सेल्फ-डायनामोवाले भाऊ’ एवढ्याच नावाने ओळखतात. गाड्यांच्या बॅटरीचे काम करणारी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांचा मूळ धंदा बॅटरी विकण्याचा असल्यामुळे सेल्फ न घेणाऱ्या गाडीचे निदान तेथे बहुधा एकच निघते. हे दुकान मात्र नुसत्या तपासणीचे दोनशे रुपये घेते आणि दुरुस्ती तेथेच केली तर ती रक्कम बिलातून वजा करते. ‘पाहण्याचे’ पैसे द्यायचे म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, तरीही हे दोनशे रुपये योग्य जागी जातात असे माझे मत झाले आहे.

आमची डिझेल गाडी जुनी आहे आणि खेड्यातल्या बहुतेक गाड्यांप्रमाणे ती धावते कमी आणि उभी अधिक राहते. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ती आठवडी बाजाराव्यतिरिक्त बाहेर निघत नाही. अन्य एका दुकानातून नवी बॅटरी बसवूनही चार-पाच दिवस उभी राहिली की ती पुन्हा धक्का मागू लागली होती. त्या दुकानाने गॅरंटीत बॅटरी बदलून देण्याची तयारी दाखवली, पण बॅटरी का उतरते याचे उत्तर तेथे नव्हते. या दुकानात गाडी नेली तेव्हा मालकांचे पहिले वाक्य होते, “आंधी मोजून पायतो भाऊ, मंग बॅटरीचं बोलू.”

मोजणीची सुरुवातही त्यांनी घाईने केली नाही. नुकत्याच धावलेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि त्यामुळे मीटर खोटी आशा दाखवतो, म्हणून त्यांनी इंजिन बंद करून हेडलाइट थोडा वेळ चालू ठेवले, ते बंद केल्यावर काही वेळ जाऊ दिला आणि मगच मीटरच्या तारा लावल्या. सहा सेलची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर 12.6 व्होल्टच्या वर असते, 12.4 ला ती साधारण पाऊण आणि 12.2 ला निम्मी भरलेली समजावी, आमची 12.1 वर होती. उतरलेल्या बॅटरीवर टेस्टरचा निकाल विश्वासार्ह नसतो, म्हणून त्यांनी ती रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारताना व्होल्टेज 10 च्या खाली गेले नाही. हे माप 9.6 च्या खाली घसरले असते तर बॅटरीवर संशय घेता आला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, आणि गॅरंटीत मिळणारी दुसरी बॅटरीही पुढच्या आठवड्यात तशीच उतरली असती.

तरीही सेल्फ जड फिरत होता. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितले, तेव्हा मीटरवर 0.9 व्होल्ट दिसले. डिझेल इंजिनचा सेल्फ शेकडो ॲम्पिअर ओढतो, त्यामुळे अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परतण्याच्या, वाटेत थोडाही अडथळा असला तरी व्होल्टेज तेथेच खर्ची पडते. या ठिकाणी 0.2 व्होल्टच्या आसपास घट चालते, त्याहून अधिक नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती. अशी पट्टी बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून केवळ बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती सापडत नाही. ही पट्टी बदलण्यास विशेष खर्च आला नाही आणि सेल्फ पूर्वीसारखा फिरू लागला.

खरी कसोटी बॅटरी उभ्या गाडीत का उतरते, हे शोधण्याची होती. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि पंखा लावून मोजले तेव्हा चार्जिंग 13.2 व्होल्टच मिळत होते. ते साधारणतः 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असावे लागते. इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा बेल्ट घट्ट होता, त्यातील कार्बनचे ब्रशही शिल्लक होते. मग निगेटिव्ह केबल काढून तिच्या मध्ये मीटर जोडला, दार बंद आहे असे गाडीला वाटावे म्हणून दरवाजाचे लॉक पेचकसाने बंद स्थितीत ढकलले आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास नुसते थांबले. उभ्या गाडीत सुमारे 50 मिलीॲम्पिअरपर्यंतचा वापर स्वाभाविक मानतात, येथे 0.4 ॲम्पिअर जात होता, म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ 10 ॲम्पिअर-तास. आमच्या 65 ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीची चार दिवसांत काय गत होत असेल, हे निराळे सांगायला नको. एकेक फ्यूज काढत गेले तरी आकडा हलला नाही. शेवटी केबल काढलेल्या स्थितीतच डायनामोकडे जाणारी जाड तार सोडली आणि मीटर जागच्या जागी जोडला, तेव्हा आकडा एकदम खाली आला. डायनामोच्या आतील एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाला होता: इंजिन चालू असताना तो चार्जिंग कमी करत होता आणि बंद असताना बॅटरीचा करंट उलट्या दिशेने परत नेत होता. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले. त्यांनी अख्खा डायनामो गळ्यात न मारता फक्त डायोड प्लेट बदलली, जुनी प्लेट हातात दिली आणि सर्व मापे पुन्हा माझ्यासमोर घेऊन दाखवली.

आणखी एका गोष्टीसाठी या दुकानाचे कौतुक केले पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते. जुन्या ट्रॅक्टरवर ती खपून जात असेल, पण संगणक असलेल्या गाडीत केबल सुटताच व्होल्टेजची जी उसळी येते ती हा संगणकच जाळू शकते. या दुकानात हा प्रकार केला जात नाही, आणि माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने तसा आग्रह धरला तेव्हा मालकांनी त्याला नम्रपणे पण ठाम नकार दिला.

पाण्याच्या बाबतीतही त्यांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. दर्यापूर तालुका खारपाण पट्ट्यात येतो. येथील विहिरींचे पाणी पिकालाही मानवत नाही, मग बॅटरीच्या प्लेटांना कोठून मानवणार? तरीही उन्हाळ्यात पातळी खाली गेली की अनेक जण हापशीचे पाणी ओतून मोकळे होतात. येथे ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्या प्रत्येक सेलमधील आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजतात आणि पातळी जेवढी कमी असेल तेवढे केवळ डिस्टिल्ड वॉटर घालतात. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा प्लेटांची झीज आणि पाण्याचे उडणे दोन्ही वाढते, हे लक्षात घेता होळीनंतर ही तपासणी करून घेणे बरे.

उणिवा नाहीत असे नाही. घेतलेली मापे ते कागदावर लिहून देत नाहीत. गॅरंटीचा वाद निघाल्यास ग्राहकाच्या हाती तोंडी शब्दाशिवाय काही राहत नाही, म्हणून मी मीटरचे फोटो मागून घेतले. हंगामात ट्रॅक्टरला पहिला मान मिळतो आणि गाडीवाल्यास ताटकळावे लागते. त्याविषयी तक्रार करणे मला जमले नाही, कारण त्या रांगेत आमचाही ट्रॅक्टर असतो. नव्या गाड्यांच्या बाबतीत मर्यादा अधिक ठळक आहे. बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या काळातील अनेक गाड्यांत चार्जिंगचे व्होल्टेज संगणक ठरवतो आणि गरजेप्रमाणे ते मुद्दाम खाली-वर करतो, त्यामुळे नुसत्या मीटरवर 12.8 दिसले म्हणून डायनामो बिघडला असे म्हणता येत नाही. त्यासाठी लागणारा स्कॅनर या दुकानात नाही. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या प्रकारची बॅटरी लागते, तीही येथे मिळत नाही. अशा गाड्या ते स्वतःच अमरावती किंवा अकोल्याच्या कंपनी वर्कशॉपकडे पाठवतात आणि त्या वेळी तपासणीचे पैसे घेत नाहीत.

बॅटरी बदलावीच लागली तर जुनीचे भंगारमूल्य वजा करून किंमत सांगतात आणि नव्या बॅटरीवरील निर्मितीचा महिना आपल्याला वाचून दाखवतात. किमती अमरावतीपेक्षा थोड्या चढ्या वाटल्या. केवळ बॅटरी घ्यायची असेल तर मी ती शहरातूनच घेईन.

जाण्यापूर्वी फोन करावा आणि बाजाराचा दिवस टाळावा. करंट गळण्याची तक्रार असेल तर गाडी रात्रभर तेथे ठेवण्याच्या तयारीने जावे, कारण वीज गेली की चार्जर बंद पडतो आणि काम दुसऱ्या दिवसावर जाते. गाडी जागची हलतच नसेल तर ते गावी येऊन तपासतात, मात्र त्याचे पैसे निराळे पडतात आणि ते आधी ठरवून घ्यावेत.